लंगोट वाळवणारी गाडी

साखरपुड्याच्या पंगतीत रत्ना बोलून गेली ते दोनच शब्द. मुलीकडच्या एका बाईंनी सहज विचारलं होतं, नवरदेव निरगुडसरहून जुन्नरला येणार कशातून? रत्नाच्या तोंडात जिलेबी होती. तरी तिनं सांगून टाकलं, "आमच्या गाडीतून."

पंगतीतल्या माना वळल्या. नवरदेवाची थोरली बहीण, जुन्नरात राहणारी, घरची गाडी असलेली. वाढप्यानं न मागता तिला आणखी एक जिलेबी वाढली. सगळं छान झालं. एक बारीकशी अडचण होती. रत्नाकडं गाडी नव्हती.

समोरच्या ओळीत तिचा नवरा जयवंत मठ्ठा पीत होता. त्याला ठसका लागला तो पाठीत तीन बुक्क्या घातल्यावर थांबला. घरी चालत येताना पेठ संपली. मग त्यानं हळूच विचारलं, "कुठली गाडी?"

रत्नानं त्याला सगळं समजावून सांगितलं. समाधान तिचा धाकटा भाऊ, म्हणजे करवली ती. करवलीनं नवरदेवाच्याच गाडीतून जायचं. नवरदेव जीपमधून आला तर करवलीही जीपमध्ये, आणि करवलीच्या मांडीवर आठ महिन्यांचा प्रबुद्ध. लग्नाच्या जीपमध्ये माणसं किती असतात? अठरा. मे महिन्यात, अठरा माणसांत, कुणाचं कोपर बाळाच्या टाळूला लागलं म्हणजे? (रत्ना ही उकळलेलं पाणी परत उकळणारी आई होती. बाळ झोपलं की ते श्वास घेतंय ना, हे बघायला ती उठायची, आणि खात्री व्हावी म्हणून त्याला जागं करायची.)

जयवंतनं वाद घातला नाही. त्याच्या मनात गाडीचा किडा आधीपासूनच वळवळत होता, त्याला फक्त कुणीतरी ढकलायला हवं होतं.

त्याचं जुन्नरच्या पेठेत मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या पोत्यात घालून आणत आणि तो त्यांत तांब्याची नवी तार भरून देई. शिवाय त्याची एक ख्याती होती. कुणी म्हणालं, भाऊ, मोटर फिरती पण पाणी यीना, तर हा मान वर न करता सांगायचा, "उलटी फिरती. दोन वायरी बदल." माणूस रानात जाऊन दोन वायरी बदलायचा आणि पाणी धो धो यायचं. अर्ध्या तालुक्याला त्यानं हे वाक्य ऐकवलं असेल. (रत्नानं ते रोज ऐकलं होतं. रोज ऐकलेलं कानात राहतं, डोक्यात जात नाही, हे तिला पुढं कळलं.)

पंधरा दिवसांत दारात गाडी आली. छोटी, पांढरी, एकोणनव्वद सालची, म्हणजे तेव्हा तेरा वर्षांची. पेठेतल्या कापडवाल्या नेमीचंद शेठनी ती सात वर्षं वापरली होती. शेठ सरळ माणूस. चावी देताना त्यांनी बजावलं होतं की गाडीला सगळं ठीक आहे, पण पुढचा पंखा कधी कधी रुसतो, गर्दीत इंजिनच्या गरमीच्या काट्याकडं लक्ष ठेवा. जयवंतनं त्यातला 'पंखा' एवढाच शब्द ऐकला आणि तो खूश झाला. पंखा म्हणजे मोटर, आणि मोटर म्हणजे आपलं घरचं काम.

रविवारी बाजाराच्या गल्लीत गाडी अडकली आणि काटा वर चढायला लागला. शेवटी बोनेटमधून चहाच्या टपरीसारखी वाफ निघाली तेव्हा रत्नानं बाळाला छातीशी धरून उडी मारली ती थेट नेमीचंद शेठच्या दुकानाच्या पायरीवर. शेठनी पाणी दिलं आणि परत एकदा सांगितलं: गाडीच्या नाकाशी पाण्याची जाळी असते, तिला गार ठेवायला मागं विजेचा पंखा असतो, इंजिन तापलं की तो आपोआप सुरू व्हायला पाहिजे, आणि तो होत नाहीये.

दुसऱ्या दिवशी जयवंतनं दुकान बंद ठेवून गाडीचं बोनेट उघडलं. खिशातला टेस्टर काढला, घरातल्या बोर्डाला लावतात तो. पंख्याच्या वायरीला लावला. दिवा लागला नाही. फ्यूजला लावला. नाही लागला. थेट बॅटरीला लावला. तिथंही नाही.

"करंटच न्हाई गाडीत," त्यानं जाहीर केलं.

रत्ना दारात बाळाला मऊ भात भरवत होती. तिनं विचारलं की मग सकाळपासून प्रबुद्धला खेळवायला तुम्ही जो हॉर्न वाजवताय, तो कशावर वाजतोय? जयवंतनं टेस्टरकडं असं पाहिलं, जसं काही सख्ख्या भावानं दगा दिला. बारा व्होल्टचा करंट त्या टेस्टरला कळतच नाही, हे त्याला आठवलं; आठवलं म्हणजे त्यानं तसं सांगितलं. मग गाडीच्याच मागच्या दिव्यातला बल्ब काढून, त्याला दोन वायरी जोडून त्यानं शोध सुरू केला. दुपारपर्यंत निदान झालं. पंखा चांगला होता. पंख्याला आपोआप सुरू करणारा जाळीतला बारीक स्विच मेला होता, आणि पंख्याच्या वायरींचं सॉकेट जळून चिकटलं होतं.

आता कुणीही नवा स्विच आणायला पुण्याला गेलं असतं. पण लग्न आठ दिवसांवर आणि जयवंत हाताचा कारागीर. त्यानं जळकं सॉकेट कापून टाकलं, वायरी सोलून पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. कुठली वायर कुठं जोडायची, असं रत्नानं विचारलं तेव्हा तो हसला. तीन वायरींची पाण्याची मोटर असेल तर उलट-सुलट बघावं लागतं. दोन वायरींच्या पंख्याला ते नसतं. घरातल्या टेबलफॅनची पिन उलटी घातली म्हणून तो कधी उलटा फिरला का? रत्नानं विचार केला. कधीच नाही. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला.

पंखा सुरू करायला त्यानं घरातलाच एक काळा बटणाचा स्विच लाकडी फळीवर ठोकून गाडीत काचेखाली बसवला. सासूबाईंनी, शकुबाईंनी, गाडीत वाकून तो बघितला आणि यानं कुठला दिवा लागतो म्हणून विचारलं.

जयवंतनं बटण दाबलं. पंखा घुर्रर्र करून फिरला. काय फिरला म्हणता. गाडीपुढं उभ्या असलेल्या रत्नाचा पदर उडाला, केस उडाले, आणि हातातला प्रबुद्धचा ओला लंगोट निशाणासारखा फडफडला. पाच मिनिटांत लंगोट कोरडा.

त्या आठवड्यात रत्नाइतकं सुख जुन्नरात कुणाला नसेल. आठ महिन्यांच्या बाळाचे लंगोट दिवसाला बारा-पंधरा होतात. दोरी अंगणात, अंगणात धूळ, धुळीत काय काय किडे (तिनं एकदा एका दुपट्यावर चक्क मुंगी पाहिली होती). आता ती गाडीपुढं दोन खुर्च्या मांडायची, त्यांवर काठी आडवी टाकायची, लंगोट ओळीनं लावायची आणि बटण दाबायची. गाडी पेठेतून नुकतीच आली असेल तर वारा गरम यायचा, मग तर तीन मिनिटं पुरे. शेजारणी बघायला येऊन गेल्या. बॅटरी उतरते म्हणून जयवंत कुरकुरला, पण त्याच्या हातच्या कामाचं कौतुक होतं, त्यामुळं फार नाही कुरकुरला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटेच्या गारव्यात ती सगळी निरगुडसरला पोचली. रस्ता मोकळा, पंख्याची गरजच पडली नाही. रत्नाच्या माहेरी अंगणात गाडी उभी राहिली आणि अर्धी वस्ती गोळा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या, बोनेटवर पांढऱ्या फुलांनी 'समाधान – यशोधरा' लिहिलं, आणि नऊ वाजता गाडी निघाली. पुढं जयवंत आणि सुटाबुटातला समाधान. मागं रत्ना, तिच्या मांडीवर प्रबुद्ध, शेजारी शकुबाई. पाठोपाठ भिमाजीमामाची जीप. तिच्यात एकोणीस माणसं. (रत्नानं मोजली. एक जास्तच होतं.)

मुहूर्ताची भानगड नव्हती, हॉलची होती. लग्नसराईत जुन्नरातला तो हॉल यशोधराच्या वडिलांना फक्त दुपारी दोनपर्यंत मिळाला होता. दोनला दुसरं लग्न. बाराला लग्न लागलं तरच पंगती उठणार होत्या. पंगती न उठता पाहुणे गेले असते, तर त्याचं खापर कुणावर फुटणार हे सांगायला नको. जीप पुरेशी असताना गाडीचा हट्ट धरला कुणी?

मंचरपर्यंत काटा मध्यावर होता. सावधगिरी म्हणून जयवंतनं घरापासूनच पंख्याचं बटण दाबून ठेवलं होतं. मंचरच्या पुढं काटा थोडा वर सरकला. कळंबला आणखी. रत्ना मागून काट्याकडं असं बघत होती, जसं तापलेल्या पोराच्या थर्मामीटरकडं. ती म्हणाली, वर चाललाय. जयवंत म्हणाला, पंखा चालूय, काळजी नको. आणि खरंच, पंख्याचा घुर्रर्र स्पष्ट ऐकू येत होता. मग गाडी तापते कशी, हे दोघांनाही कळेना.

रस्त्याकडेला गाडी थांबली. मागून भिमाजीमामा उतरले. त्यांची जीप तीस वर्षांची. त्यांना तापलेल्या गाडीचं काही नवल नव्हतं. ते म्हणाले, "हीटर लावा. फुल सोडा. इंजिनची गरमी आत येती आन इंजिन गार ऱ्हातं."

रत्नाला वाटलं मामांना ऊन लागलं. पण जयवंतनं खरंच हीटर सोडला. मे महिन्यातले सकाळचे दहा वाजलेले, वर सूर्य, खाली हीटर. क्षणात गाडीत भाकरीच्या तव्यावर बसल्यासारखं झालं. रत्नानं 'थांबा' म्हणायच्या आत दार उघडलं होतं. प्रबुद्धला घेऊन ती पळत मागं गेली आणि ज्या जीपमध्ये बाळाला कधीच बसवणार नाही असं तिनं भर पंगतीत ठरवलं होतं, तिच्यातच त्याला शकुबाईंसकट चढवून आली. जीपमध्ये एकवीस झाले. बाळ हसत होतं. जीपला काचाच नव्हत्या, वारा मस्त लागत होता.

रत्नाला मात्र मागं बसून राहता येईना. करवली ना ती. ती परत तव्यावर येऊन बसली.

काटा थोडा उतरला हे खरं. पण समाधानचा चेहरा उतरला तो काट्याच्या दुप्पट. पावडरीचे ओघळ सुटाच्या कॉलरवर आले. टायचा निळा रंग पांढऱ्या शर्टात उतरायला लागला. तो फक्त एकदा बोलला. "दाजी," तो म्हणाला, "मी चालत गेलो तर चालंल का?"

नारायणगावच्या चौकात वाहनांची रांग लागली होती आणि तिथं काटा शेवटाला जाऊन टेकला. बोनेटवरच्या 'समाधान'मधून वाफ यायला लागली. सव्वाअकरा. जयवंतनं गाडी रसाच्या दुकानापुढं घेतली, बोनेट उघडलं आणि नुसता उभा राहिला. पंखा फिरत होता. डोळ्यांदेखत फिरत होता. पंखा फिरतो आणि गाडी तापते, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

एवढ्यात जीपमधून शकुबाईंचा निरोप आला की पोरानं ओलं केलंय. रत्नानं लंगोट बदलला, ओला लंगोट रसवाल्याच्या नळावर पिळला आणि आठवड्याच्या सवयीनं वाळवायला निघाली. आपल्या गाडीपुढं नवरा आणि भाऊ तोंड पाडून उभे होते. म्हणून ती जीपच्या नाकाशी गेली. जीप सुरूच होती (बंद केली तर ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, आणि एकवीस माणसांना उतरवणार कोण). तिनं लंगोट जाळीपुढं धरला.

लंगोट फडफडला नाही. सपकन जाळीला चिकटला. ओढून काढला तर परत चिकटला.

रत्ना बघतच राहिली. ती लंगोट घेऊन आपल्या गाडीपुढं आली. धरला. लंगोट तिच्या तोंडावर येऊन आपटला, गरम. परत जीपकडं. चिकटला. परत गाडीकडं. तोंडावर. रांगेतले ट्रकवाले हॉर्न वाजवायचे थांबून बघायला लागले की ही नटलेली बाई दोन गाड्यांना लंगोट का दाखवतेय.

"अहो," ती म्हणाली, "जीपचा पंखा हवा आत ओढतोय. आपला बाहेर फेकतोय. आपला उलटा फिरतोय."

जयवंत गोरामोरा झाला. बारा वर्षं हे वाक्य तो लोकांना सांगत आला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेही बायकोनं, हातात लंगोट घेऊन, वऱ्हाडासमोर. त्यानं टेबलफॅनच्या पिनचा दाखला परत दिला. पण रत्ना आता ऐकणार नव्हती. लेण्याद्रीच्या पायथ्याला प्रबुद्धसाठी सेलवर चालणारी एक खेळण्यातली गाडी घेतली होती. तिच्यात सेल उलटे बसवले की ती मागं पळत पलंगाखाली जायची. बॅटरीवर चालतं ते सगळं उलटं फिरू शकतं. घरातल्या करंटचं तिला माहीत नव्हतं, पण सेलचं माहीत होतं.

"मी सातवी शिकलेय," ती म्हणाली. (सातवीच्या पुस्तकात खेळण्यातल्या गाडीचं काही नव्हतं. पण अशा वेळी सांगायला बरं असतं.)

भिमाजीमामा घड्याळ बघत म्हणाले की राव, दोन वायरी बदलायला किती वेळ लागतो ते तरी बघा. जयवंतनं पक्कड काढली. टेप सोडली, वायरी उलटपालट पिळल्या, बटण दाबलं. रत्नानं लंगोट धरला. सपकन जाळीला चिकटला.

वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. ट्रकवाल्यांनी वाजवल्या. जयवंतनं वाजवल्या नाहीत. तो पंख्याकडं असा बघत होता, जसं काही विहिरीतलं पाणी मोटरीशिवाय वर चढताना पाहिलं असावं. आठ दिवस आपण बाळाचे लंगोट इंजिनच्या गरमीवर वाळवत होतो आणि इंजिन मात्र त्याच्याच धगीत उभं करत होतो, हे रत्नाच्या लक्षात आलं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

गार पाणी हळूहळू ओतून, हीटर बंद करून ती सगळी निघाली. काटा मध्यावर येऊन बसला तो हलला नाही. अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी गाडी हॉलच्या दारात उभी राहिली. समाधान उतरला तो धुऊन वाळत घालायला काढल्यासारखा, पण उतरला वेळेवर.

आणि बातमी त्याच्या आधी आत गेली. जीपमधल्या एकोणीस तोंडांनी ती नेली. करवलीनं रस्त्यात गाडी दुरुस्त केली. नुसत्या लंगोटावर. मोटारवाल्या नवऱ्याला जे जमलं नाही ते. मुलीकडच्या बायका रत्नाला बघायला आल्या. साखरपुड्याला 'कशातून येणार' विचारणाऱ्या त्या बाईही आल्या. रत्ना एरवी चारचौघांत मान खाली घालून बसायची. आज तिची मान कशी आपोआप वर होत होती.

स्टेजवर बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लावायच्या होत्या. लावणारे गृहस्थ म्हातारे, हात थरथरता. ते एक लावत, ती विझे. दुसरी लावत, ती विझे. स्टेजच्या कडेला एक भला मोठा उभा पंखा थेट मूर्तीच्या दिशेनं वारा मारत होता. तो बंद करावा तर पहिल्या ओळीतल्या पाहुण्यांचा उकाड्यानं जीव जायला लागे. ते लगेच ओरडत आणि कुणीतरी परत सुरू करी. बारा वाजून गेले. पाच मिनिटं. दहा. दारात दोनच्या लग्नाचे सजावटवाले येऊन टेकले होते. यशोधराचे वडील रुमालानं मान पुसत होते. एवढ्या रस्त्यानं वेळेत आणलेलं लग्न आता मेणबत्तीपाशी अडलं होतं.

रत्ना उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती स्टेजपाशी गेली आणि हॉलच्या वायरमनला, भिकाला, तिनं सांगितलं, "याच्या दोन वायरी बदला. मंग हा वारा फेकणार न्हाई, ओढंल."

भिका थबकला. त्यानं बारा-पंधरा लग्नांच्या सीझनमध्ये असं ऐकलं नव्हतं. पण ही लंगोटवाली ताई होती. तरी खात्री करावी म्हणून त्यानं मागं उभ्या जयवंतकडं पाहिलं. "दाजी, व्हईल का असं?"

जयवंतला नक्की माहीत होतं की घरातल्या करंटवर असं होत नाही. बारा वर्षांचं ज्ञान त्याच्या ओठांपर्यंत आलं. मग त्याला नारायणगावचा चौक आठवला, ट्रकवाल्यांच्या टाळ्या आठवल्या, आणि त्यानं ते गिळून टाकलं.

"ती म्हणती तर बदल," तो म्हणाला.

भिकानं पंखा बंद केला, पिन काढली, वायरी उलट बसवल्या. पहिली ओळ घामाघूम होऊन बघत होती. म्हाताऱ्या गृहस्थांनी तेवढ्यात सगळ्या मेणबत्त्या लावून घेतल्या. रत्नानं मान डोलावली. भिकानं बटण दाबलं.

पंखा तसाच फिरला, होता त्याच दिशेनं, होता त्याच जोरानं. सगळ्या मेणबत्त्या एका फुंकरीत गेल्या. वर पुष्पहारातल्या चार पाकळ्या उडून यशोधराच्या वडिलांच्या टकलावर बसल्या. रत्नाची आपोआप वर झालेली मान तितक्याच आपोआप खाली आली.

शकुबाई नातवाला खांद्यावर टाकून उठल्या. स्टेजवर चढल्या, मोकळ्या हातानं पंख्याची मान धरली आणि त्याचं तोंड पहिल्या ओळीकडं वळवलं. पाहुण्यांना वारा लागला. मेणबत्त्या लागल्या त्या लागल्याच. बारा वाजून सतरा मिनिटांनी लग्न लागलं आणि एकाला पंगत बसली.

भिकानं पक्कड खिशात घालता घालता आदरानं विचारलं, "आजी, तुमी किती शिकलाय?"

"आमी कुठलं शिकतोय बाबा," शकुबाई म्हणाल्या आणि त्यांनी रत्नाकडं बोट केलं. "शिकलेली ती काय, तिकडं उभी हाये."